जॅझच्या ध्वनिमुद्रिका : कांहीं नव्या, कांहीं विसरलेल्या

ज्या घरांत सकाळीं अभंग, दुपारीं नाट्यगीतें आणि रात्रीं एखाद्या ख्यालगायकाची जुनी मैफल ऐकूं येते, त्या घरांत जॅझचें नांव काढलें कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, असा आमचा अनुभव आहे. 'हॉटेलांतला धांगडधिंगा' एवढ्या शेऱ्यानें विषय संपतो; आणि तरुण मंडळी कानांत यंत्रें घालून आपला निराळा संसार थाटतात. एकाच छपराखालीं दोन तऱ्हेचे कान नांदावे आणि त्यांची कधीं गांठच पडूं नये, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं. म्हणून सर्वांनीं एकत्र बसून ऐकण्याजोग्या थोड्या ध्वनिमुद्रिकांची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वडिलांच्या शेऱ्यांत तथ्य नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. मुंबईस जॅझ आलें तें हॉटेलांच्या नाचघरांतूनच. १९३५ सालीं लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. त्याच सुमाराचा टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक मुंबईस व कलकत्त्यास लोकप्रिय झाला आणि १९४५ सालीं कलकत्त्यासच पटकीनें वारला. या मंडळींचें वादन ऐकून कित्येक गोमंतकीय वादक तयार झाले. शिक चॉकलेट या नांवानें प्रसिद्धीस आलेले अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतील सी. रामचंद्र यांचीं गाणीं ज्या आजोबांस प्रिय आहेत, त्यांनीं शिक चॉकलेट यांची कामगिरी नकळत ऐकलेलीच आहे. जॅझशीं त्यांचा परिचय त्यांस वाटतो त्यापेक्षां जुना आहे. परंतु नाचघर हें जॅझचें एक बिऱ्हाड होतें. तमाशाच्या फडावरून मराठी संगीताची परीक्षा करूं नये, तशीच हॉटेलावरून जॅझची करूं नये.

तें ऐकतांना प्रथम काय धरावें? आपल्या ख्यालांत बंदिश लहान आणि विस्तार मोठा असतो, तसेंच येथेंहि आहे. आरंभीं सर्व वादक मिळून एक धून वाजवितात. ती बहुधा बारा किंवा बत्तीस 'बारां'ची असते. एक बार म्हणजे सामान्यतः चार मात्रा. धून संपली कीं तिच्या तळाशीं असलेले स्वरसमूह त्याच क्रमानें पुनःपुनः फिरत राहतात, आणि त्या आवर्तनावर एकेक वादक आपल्या उपजेनें नवी रचना जागच्या जागीं करीत जातो. सर्वांची पाळी झाली कीं पुन्हां मूळ धून. सम ओळखण्याची ज्याच्या कानास संवय आहे, त्यास वादक आवर्तनांत कोठें आहे हें कळावयास दोन बैठकी पुरेत. भेद आहे तो निराळाच. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो आणि त्याच्या आश्रयानें गवई हिंडतो. येथें पायाखालची जमीनच दर चार-दोन मात्रांनीं सरकते आणि वादकास तिच्यावर तोल संभाळावा लागतो. हा तोल ऐकूं येऊं लागला म्हणजे 'धांगडधिंगा' हा शब्द आपोआप गळून पडतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या रात्रीं जें वाजलें, तें कागदावर कोठेंहि नाहीं. मुद्रण झालें तरच तें उरलें. तें झालेंच नाहीं, किंवा झालेली तबकडी कोणीं घेतली नाहीं, तर वादक असून नसल्यासारखा झाला. आपल्या घराण्यांतील किती गवई असे गेले याची हळहळ आपण नेहमींच करतों. यासाठीं जॅझची एखादी नवी मुद्रिका ज्यानें पसंत केली, त्यानें तिच्या जोडीला एक दुर्लक्षित जुनीहि ऐकावी असा आमचा आग्रह आहे. सुदैवानें गेल्या वीस वर्षांत नव्या म्हणून निघालेल्या उत्तम मुद्रिकांपैकीं कित्येक मुळांत जुन्याच असल्यामुळें हा आग्रह पाळणें फारसें अवघड नाहीं.

प्रारंभ 'पालो आल्टो' या मुद्रिकेनें करावा. थेलोनिअस मंक (१९१७–१९८२) याचा पियानो प्रथम ऐकणारास अडखळल्यासारखा वाटतो. अपेक्षित स्वर येत नाहीं, त्याच्या शेजारचा येतो. मध्येंच हात उचलून हा गृहस्थ स्तब्ध बसतो. तबलजीची सम आतां खास चुकली असें वाटावें आणि तो नेमका समेवर यावा, तशांतला हा प्रकार आहे. १९६८ च्या एप्रिलांत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि अमेरिकेंत जागोजाग वर्णभेदाच्या दंगली उसळल्या. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो या सुखवस्तु गोऱ्या गांवाला लागूनच पूर्व पालो आल्टो ही प्रामुख्यानें कृष्णवर्णीयांची वस्ती होती, आणि दोहोंमध्यें येणेंजाणें बेताचेंच. अशा दिवसांत पालो आल्टोच्या हायस्कूलमधील एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यानें मंकला आपल्या शाळेच्या सभागृहांत वाजविण्यास बोलाविलें आणि जाहिराती दोन्ही वस्त्यांत लावल्या! मंकसारखा वादक शाळेंत येईल यावर पलीकडच्या लोकांचा विश्वास बसेना. पुष्कळ जण आवारांतच थांबले, आणि मंक गाडींतून उतरतांना प्रत्यक्ष दिसल्यावर मग त्यांनीं तिकिटें घेतलीं. शाळेच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या एका नोकरानें, 'मैफल टेपवर घेऊं द्याल तर पियानो सुरांत लावून देतों' असें सांगितलें होतें. त्याच्या त्या टेपमुळें २७ ऑक्टोबर १९६८ ची ती दुपार राहिली, आणि २०२० सालीं ती जगापुढें आली. सारें वादन पाऊण तासाच्या आसपास आहे. त्यांतील 'ब्लू मंक' ही बारा बारांची धून आहे. आवर्तनें मोजण्याचा पहिला पाठ घरांतील सर्वांनीं तिच्यावर घ्यावा. चार्ली राउझ याचा सॅक्सोफोन तेथें इतक्या मोकळेपणानें वाजला आहे कीं शाळेचें सभागृह आणि न्यूयॉर्कचें रंगमंदिर यांत त्यास कांहीं अंतर वाटत होतें असें दिसत नाहीं.

याच मंकची जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाबरोबरची २९ नोव्हेंबर १९५७ ची कार्नेगी हॉलमधील मैफल अशीच दडून राहिली होती. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीसाठीं घेतलेल्या फिती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें जवळजवळ अर्धशतक पडून होत्या. २००५ सालीं त्या हातीं लागल्या आणि त्याच वर्षीं मुद्रिका निघाली. कोल्ट्रेन तेव्हां ३१ वर्षांचा होता. त्याच्या तानांची दाट वीण आणि मंकची मोजकी, टोचून बोलणारी साथ यांचें जमतें कसें, हें ऐकावयाचें असल्यास हीच मुद्रिका घ्यावी.

आतां ज्या बाईंविषयीं लिहितांना आमची लेखणी थोडी लांबणार आहे, त्या मेरी लू विल्यम्स (१९१०–१९८१). बाळपणापासून त्या पियानो वाजवीत. १९३० नंतरच्या दशकांत अँडी कर्क याच्या वाद्यवृंदासाठीं सबंध रचना बांधून देण्याचें काम त्या करीत. ज्या धंद्यांत स्त्रीनें गावें एवढेंच लोकांस मान्य होतें, त्यांत ही बाई पुरुषांच्या हातीं स्वरलिपीचे कागद देऊन त्यांजकडून वाजवून घेत असे. पुढें न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील त्यांच्या बिऱ्हाडीं रात्रीं अपरात्रीं तरुण वादकांचा राबता सुरू झाला. मंक येई, बड पॉवेल येई, डिझी गिलेस्पी येई. आपण नवें काय बांधलें तें बाईंस ऐकवी आणि चुका काढून घेई. एखाद्या बुवांच्या घरीं शिष्यांचा अड्डा असावा तसें तें घर होतें. फरक इतकाच कीं गंडा कोणीं बांधला नाहीं, आणि इतिहासाच्या ग्रंथांत शिष्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांत आलीं.

१९४५ सालीं त्यांनीं 'झोडिअॅक स्वीट' ही बारा राशींवरील बारा तुकड्यांची मालिका रचिली. न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी केंद्रावर त्यांचा साप्ताहिक कार्यक्रम असे. त्यांत एकेक रास त्या श्रोत्यांस ऐकवीत. त्याच वर्षीं पियानो, डबल बास व ड्रम एवढ्याच वाद्यांवर सबंध मालिका मुद्रित झाली. त्या त्या राशीच्या कलावंतांस तो तो तुकडा अर्पण केला आहे: मेष ही बिली हॉलिडे व बेन वेब्स्टर यांस, तूळ ही मंक, गिलेस्पी, पॉवेल व आर्ट टेटम या चौघांस मिळून. वृषभ त्यांची स्वतःची. (पंचांग पाहून आपली रास शोधणाऱ्या आमच्या भगिनींस एक सूचना: तिकडील रास सूर्यावरून धरतात, आपली चंद्रावरून. तेव्हां जन्मराशीचा तुकडा मनाजोगा न वाटल्यास निराश होऊं नये.) डिसेंबरांत टाउन हॉलमध्यें मोठ्या वाद्यमेळासह तीच मालिका सादर झाली, पण तालमी अपुऱ्या पडल्या आणि रचना बाईंच्या मनांत होती तशी उतरली नाहीं. नंतर पुष्कळ वर्षें तिची कोणीं फारशी आठवण केली नाहीं.

बाईंचें पुढील चरित्र विलक्षण आहे. १९५४ सालीं पॅरिसमध्यें वाजवीत असतां त्या मध्येंच उठून गेल्या आणि सुमारें तीन वर्षें त्यांनीं लोकांपुढें वादन केलें नाहीं. १९५७ सालीं त्यांनीं कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. व्यसनांत सांपडलेल्या वादकांस सांवरण्यासाठीं त्या आपला पैसा व वेळ खर्च करीत. परतल्यावर त्यांनीं धार्मिक संगीतहि रचिलें. १९६४ ची 'ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज' ही मुद्रिका त्याची साक्ष आहे. टाउन हॉलच्या त्या अर्धवट राहिलेल्या संध्याकाळची भरपाई मात्र त्यांच्या हयातींत झाली नाहीं. आरन डील या पियानोवादकानें 'द नाइट्स' या वाद्यवृंदासह सबंध मालिका मुद्रित करून २०२३ सालीं प्रसिद्ध केली. त्यांत तंतुवाद्यें आपल्या जागीं नीट बसलीं आहेत आणि बाईंस काय ऐकूं येत असावें याचा पुरा अंदाज होतो. तथापि आमचा सल्ला असा कीं आधीं १९४५ चें तिघांचेंच जुनें मुद्रण ऐकावें, मग हें. नव्यांत वैभव आहे. जुन्यांत त्यांचीं बोटें आहेत.

दुसरी अशीच एक जोडी हार्पची. हार्प हें आपल्या स्वरमंडळाच्या जातीचें, पण माणसाच्या उंचीचें वाद्य. जॅझमध्यें त्याचें काय काम, असें तिकडेहि लोक विचारीत. डेट्रॉइटच्या डॉरथी ॲशबी यांनीं १९५८ च्या 'हिप हार्प' या मुद्रिकेंत फ्रँक वेस याच्या बांसरीसमवेत त्याचें उत्तर देऊन ठेविलें. तें ऐकणारे थोडेच निघाले. १९८६ सालीं त्या वारल्या. ब्रँडी यंगर या आजच्या हार्पवादिकेनें २०२३ सालीं 'ब्रँड न्यू लाइफ' ही मुद्रिका काढली, तींत ॲशबी यांच्या, पूर्वीं कधीं मुद्रित न झालेल्या रचनाहि आहेत. नातवंडानें आजीच्या पेटींतील लुगडें काढून नेसावें आणि तें त्यास शोभावें, तसें हें झालें आहे. ज्या घरांत तान्हें मूल आहे तेथें या दोन्ही मुद्रिका निर्धास्तपणें लावाव्या.

हर्बी निकल्स याची कथा इतकी सुखाची नाहीं. हा पियानोवादक न्यूयॉर्कांत १९१९ सालीं जन्मला. मंकचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें तेव्हां त्याच्याविषयीं छापून लिहिणाऱ्या पहिल्या मंडळींत हा होता. स्वतःच्या रचनांस मात्र वर्षानुवर्षें कोणी कंपनी विचारीना. पोटासाठीं तो जुन्या वळणाच्या ताफ्यांतून, आपल्यास न रुचणारें संगीत वाजवीत राहिला. अखेर १९५५ व १९५६ या दोन वर्षांत 'ब्लू नोट' कंपनीनें त्याच्या रचना पियानो, डबल बास व ड्रम अशा त्रिकुटांत मुद्रित केल्या. ड्रमवर कधीं आर्ट ब्लेकी तर कधीं मॅक्स रोच, म्हणजे त्या काळचे श्रेष्ठ. त्यांतील थोड्याच बाहेर आल्या, त्याहि खपल्या नाहींत, बाकीच्या कपाटांत गेल्या. १९५७ सालीं दुसऱ्या कंपनीकडून 'लव्ह, ग्लूम, कॅश, लव्ह' निघाली. 'प्रेम, विषण्णता, पैसा, प्रेम' अशा नांवांतच ज्यानें आपला हिशेब मांडला, त्याच्या वांट्यास यांतलें काय किती आलें हें सांगावयास नको. १९६३ सालीं रक्ताच्या कर्करोगानें तो गेला, वय ४४. 'लेडी सिंग्ज द ब्लूज' हें बिली हॉलिडेचें गाणें सर्वतोमुखीं झालें. शब्द तिचे, पण चाल निकल्सची, हें गाणाऱ्यांपैकींहि कित्येकांस माहीत नसतें.

त्याच्या रचना ऐकण्यास थोडें धैर्य लागतें. धून सरळ चालतां चालतां एकाएकीं कोपऱ्यावर वळते आणि ड्रम तिच्या मागून न जातां तिच्याशीं संवाद करतो. ड्रमवाल्यास काय म्हणावयाचें आहे त्यासाठीं त्यानें रचनेंतच जागा सोडलेल्या असतात. तबल्याचा आणि सतारीचा सवालजबाब ज्यांस प्रिय आहे त्यांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. रॉझवेल रड हा ट्रॉम्बोनवादक निकल्सबरोबर प्रत्यक्ष बसलेला. त्यानें पुढें १९९० नंतरच्या दशकांत, निकल्सच्या कधींच मुद्रित न झालेल्या रचना स्वतः वाजवून मुद्रित केल्या. ब्लू नोटचीं सर्व मुद्रणें आतां एकत्र मिळतात. या लेखांतील एकच जुनी मुद्रिका ऐकण्यास ज्यांस सवड असेल, त्यांस आम्ही हींच मुद्रणें सांगूं. मंक अधिक थोर असला तरी.

आपल्याकडील एका वादकाची अशीच उपेक्षा झाली. अमान्सियो डि'सिल्व्हा हे गोमंतकीय कुळांतले. १९३६ सालीं मुंबईस जन्मले आणि गिटारवादक म्हणून नांव कमावून १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडास गेले. १९६९ सालीं त्यांची 'इंटिग्रेशन', आणि जमेका बेटाच्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर 'हम दोनों', अशा दोन मुद्रिका लंडनला निघाल्या. 'हम दोनों' हें नांवच एका गोमंतकीयानें जमेकाच्या माणसाबरोबर लंडनमध्यें बसून द्यावें, यांत केवढी मौज आहे! गिटार येथें स्वरसमूह न वाजवितां पुष्कळदां सतारीप्रमाणें एकेक स्वर छेडीत जाते, आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवांचूनचा आवाज तिच्याशीं आलापीसारखा मिळतो. दोन्ही मुद्रिका अल्पावधींत दुर्मिळ झाल्या. हॅरियट १९७३ सालीं विपन्नावस्थेंत वारला. डि'सिल्व्हा यांनीं मुद्रित केलेली एक सबंध मुद्रिका प्रकाशित न होतां तशीच राहिली. ती २००६ सालीं बाहेर पडली, तेव्हां त्यांस जाऊन दहा वर्षें झालीं होतीं. तिचें नांव 'कोंकण डान्स'. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोमंतक या भागांतील वाचकांनीं तरी ती आवर्जून ऐकावी.

निव्वळ नव्यांपैकीं दोन सांगतों. विजय अय्यर हे अमेरिकेंत तामीळ आईबापांच्या पोटीं जन्मले. पदार्थविज्ञान शिकतां शिकतां पियानोकडे वळले. (घरांतील शास्त्रशाखेच्या विद्यार्थ्यांस ही हकीकत सांगावी कीं सांगूं नये, हें आम्ही पालकांवर सोंपवितों.) लिंडा मे हान ओ या डबल बासवर आणि टायशॉन सोरी ड्रमवर, अशा त्रिकुटाची त्यांची 'कंपॅशन' ही मुद्रिका २०२४ सालीं निघाली. लयीचे हिशेब तींत इतके गुंतागुंतीचे आहेत कीं मृदंगाची जाण असणारांस ते अधिक लवकर उलगडतील. दुसरी चार्ल्स लॉइड यांची 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो'. ती त्यांच्या ८६ व्या वाढदिवशीं, १५ मार्च २०२४ रोजीं प्रसिद्ध झाली. वय झालेल्या गवयाचा आवाज पातळ होतो, पण एक स्वर कोठें सोडावा हें त्यास जसें कळतें तसें तरुणास कळत नाहीं. लॉइड यांच्या सॅक्सोफोनचें तेंच आहे. लांबी मात्र फार. एका बैठकींत सर्व ऐकूं नये. याच लॉइड यांनीं उस्ताद झाकीर हुसेन व ड्रमवादक एरिक हार्लंड यांजसह केलेली 'संगम' (२००६) ही मुद्रिका तबल्याच्या ओढीनें ऐकूं लागलेल्या वडील मंडळींस शेवटपर्यंत जागीं बसवील, असा आमचा कयास आहे.

ऐकण्याच्या साधनाविषयीं दोन शब्द. मोबाईलच्या चिमुकल्या भोंग्यावर डबल बास जवळजवळ ऐकूंच येत नाहीं, आणि तो ऐकूं आला नाहीं म्हणजे सरकणाऱ्या जमिनीचा पत्ताच लागत नाहीं. बऱ्यापैकीं ध्वनिवर्धक जोडावा, आवाज मध्यम ठेवावा, आणि एका बैठकीस एकच मुद्रिका घ्यावी.

एवढें करूनहि घरांतील कोणी हट्टानें कान झांकून बसत असेल, तर शंकर-जयकिशन यांची १९६८ सालची 'रागा-जॅझ स्टाइल' लावावी. रईस खां यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, आणि ड्रम-पियानोच्या चालीवर अकरा राग. कट्टर जॅझभक्त हिला जॅझ म्हणणार नाहींत आणि कट्टर गवई हिला राग म्हणणार नाहींत. आम्ही स्वतः दोन्ही पक्षांच्या तक्रारी थोड्याफार मान्य करतों. कांहीं तुकडे तर रंगांत येतां येतांच संपतात. परंतु नांवें न सांगतां मुद्रिका सुरू करावी आणि राग ओळखण्याचें काम आजोबांकडे द्यावें. तोडी ते लगेच ओळखतील, मालकंसास मान हलवितील, कलावतीस बहुधा नातसुनेशीं वाद होईल. आणि भैरवी शेवटीं येते, तोंवर कोणी उठणार नाहीं.